अक्काचं बोलावणं

एका बाईने आपल्या बहिणीला माहेरी बोलावलं होतं. ते बोलावणं कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे होतं, आणि उतरवताना मी ते बदललं. माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलीला नाही. जिचं बोलावणं होतं ती बाई आमच्याच खालच्या मजल्यावर राहते, रोज सकाळी आम्ही एकमेकांना दिसतो, आणि तिलाही माहीत नाही.

बंगळूरच्या चामराजपेटेत आम्ही आठ वर्षं भाड्याने राहतो. वर एक लांबट खोली, तिच्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा, बाहेर थोडी गच्ची. खाली घरमालकीण. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, आम्हीही. ती सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, सरकारी कचेरीत कन्नड टायपिस्ट होती. घराणं मराठी, पण इथे येऊन कित्येक पिढ्या झालेलं. घरात मराठी बोलतात. तिच्यात निम्मं कन्नड असतं, आणि उरलेलं मराठीही कन्नडच्या चालीने चालतं. लिहिणं-वाचणं सगळं कन्नडमध्ये. देवनागरी ती कधी शिकलीच नाही. मी बेळगावच्या पलीकडच्या तालुक्यातला, दोन्ही लिप्या सारख्याच सवयीच्या. खोली मिळाली ती या एका गोष्टीवर, असं ती चेष्टेने सांगायची. "दुसरे भाडेकरू येऊन इंग्लिश बोलून गेले. हा मेष्ट्रु तेवढा दोन्ही वाचतो, म्हणून ठेवून घेतली."

मेष्ट्रु म्हणजे मास्तर. पूर्वी मी शाळेत शिकवत होतो. आता सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत प्रश्न लिहितो. मुलं घरी बसून फोनवर शिकतात; त्यांच्यासाठी इंग्रजीत उतारे तयार करायचे, उताऱ्याखाली प्रश्न, प्रश्नाला चार पर्याय. माझ्या वाट्याला मुख्यतः एकच प्रकार येतो: लेखकाने हा मजकूर कशासाठी लिहिला आहे? माहिती द्यायला, पटवायला, करमणूक करायला, की आणखी कशाला. वरवर सोपं काम आहे. पण चांगला प्रश्न करायचा तर बघावं लागतं की लिहिणारा कोण, तो कुणाला लिहितो, आणि लिहिताना त्याच्या खांद्यावरून कोण बघतं आहे. मुलांना मी एक युक्ती शिकवतो. मजकुराला ज्या गोष्टीची गरज नाही ती गोष्ट दोनदा आली असेल, तर तिथे थांबा. हेतू बहुतेक तिथेच असतो.

अक्काला एक बहीण होती, दोन वर्षांनी मोठी, मिरजेजवळ दिलेली. दोघी बहिणी वर्षानुवर्षं एकमेकींना कन्नडमध्ये पत्रं लिहायच्या. मग मोठीचे कान पूर्ण गेले, फोनवर बोलणं संपलं. पुढे हात थरथरायला लागला, लिहिणंही संपलं. तेव्हापासून ती सांगायची आणि तिची सून मराठीत लिहून घ्यायची. अशी पाकिटं अक्काकडे येऊ लागली, आणि ती माझ्याकडे. रविवारी सकाळी कॉफी झाली की ती जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक मारायची, "मेष्ट्रे, स्वल्प खाली ये, ताईचं आलंय." मी खाली जाऊन वाचून दाखवायचो. उत्तर ती सांगायची, मी मराठीत लिहायचो. तिचं मराठी जसंच्या तसं लिहिलं तर मिरजेच्या सुनेला गंमत वाटेल, म्हणून मी ते सरळ करून घ्यायचो. ते अक्काला माहीत होतं. तिला त्याचा अभिमानच होता. शेजारणीला सांगायची, "मी कसं पण बोलू दे, हा पुस्तकासारखं लिहितो."

आणखी एक सांगायला हवं. त्या घराण्यात लग्न होऊन गेलेली मुलगी आपणहून माहेरी येत नाही. माहेरी जो राहतो त्याने बोलावणं पाठवायचं, आणि त्यात 'ये' म्हणायचं आणि कधी ते सांगायचं. आम्ही राहायला आलो त्या वर्षी, गौरीच्या सणाच्या आधी, समोरच्या घरातल्या बाई अक्काकडे येऊन कौतुकाने सांगत होत्या की भावाने निरोप पाठवलाय, कधीही ये, घर तुझंच आहे. त्या गेल्यावर अक्का मला म्हणाली, "कधी पण ये म्हणजे येऊ नको म्हणूनच की रे. दिवस सांगायला जीभ झडते काय?"

म्हणजे रीत मला पक्की ठाऊक होती. नंतर जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय नाही.

अक्काची आई गेली तेव्हा मोठी बहीण आली होती. बाराव्यानंतर तिने कागदावर सही करून घरावरचा आपला हक्क सोडला आणि घर अक्काच्या एकटीच्या नावावर झालं. मग मोठीच्या नवऱ्याचं लांबलेलं आजारपण, मग तिचे कान. बोलावणं मागे पडत गेलं. भांडण असं काही नव्हतं.

पहिलं महत्त्वाचं पत्र आलं ते दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात. तोवरची पत्रं खुशालीची होती. हेही तसंच सुरू झालं: नातवाचं कॉलेज, आंब्याचा भाव, शेजारच्यांची नवी गाडी. मग मध्येच होतं, "वरच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीतून अजून वारा येतो का? आपण दोघी तिथे अभ्यासाला बसायचो तेव्हा फार छान यायचा." पुढे पुन्हा नातू, पुन्हा शेजारी. आणि संपता संपता, "वर नळाला पाणी चढतं का, की खालून न्यावं लागतं?"

आठवण काढणारी बाई वाऱ्याचं विचारील. पाण्याचं विचारते ती तिथे राहायचा विचार करणारी.

हे मला वाचता वाचताच कळलं. कळायला मी तो धंदाच करतो. ती सुनेकडून पत्र लिहून घेत होती. सुनेच्या तोंडावर 'मला इथून जायचं आहे' कसं सांगणार? सून वाईट होती असं मला आजही वाटत नाही. तिच्या अक्षरात काळजी होती, सासूने सांगितलेला शब्द कळला नसेल तर ती तिथे बारीक प्रश्नचिन्ह टाकायची. पण शेवटची वर्षं आपल्या घरी काढावीत असं कुणालाही वाटू शकतं, आणि ते सुनेला लिहायला सांगता येत नाही. माहेरी आपणहून मागताही येत नाही. म्हणून पाण्याचं.

अक्का काही भोळी नव्हती. तिने लगेच विचारलं, "पाण्याचं कशाला विचारते रे ही?"

मी म्हटलं, "बंगळूरच्या पाण्याच्या बातम्या तिकडेही दाखवतात ना, अक्का. टँकर वगैरे. काळजी वाटली असेल."

"हां, टीव्ही बघत बसते दिवसभर. ऐकू येत नाही, चित्र बघते." ती हसली. "सरी, बरं, लिही. पाणी एक दिवसाआड येतं, वर पण चढतं. वर मेष्ट्रु राहतो, बायको, मुलगी, भली माणसं, काही गलाटा नाही. असं लिही."

मी लिहिलं. भल्या माणसांचं वाक्य जरा जास्तच चांगलं लिहिलं.

माझी मुलगी तेव्हा दहावीत जाणार होती. तिची शाळा आमच्या दारातून चालत सात मिनिटांवर आहे. बायकोची नोकरी मार्केटजवळच्या एका दवाखान्यात, तीही चालत जाते. मी तेवढा रोज दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. दहावीच्या वर्षात घर बदलायला लागू नये, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. अक्का आम्हाला एका दिवसात बाहेर काढणारी नव्हती. विचारलं असतं तर चार-सहा महिने दिले असते, कदाचित खालच्याच दोन खोल्यांत बहिणीची सोय करून आम्हाला राहूही दिलं असतं. मी विचारलंच नाही. विचारायचं तर आधी तिला पत्राचा अर्थ सांगावा लागला असता.

दुसरं पत्र श्रावणात आलं. त्यात गुडघ्यांचं होतं. "गुडघे दुखतात, पण इथल्या देवळाच्या पायऱ्या मी कठड्याला हात न लावता चढते." त्यापुढे सुनेने स्वतःचं लिहिलं होतं, "हे खरं आहे, मावशी, मी बघितलं आहे." दोन परिच्छेदांनंतर पुन्हा, "पायऱ्यांचं मला काही वाटत नाही." तिच्या मिरजेच्या घराला जिना नव्हता. आमच्या खोलीला आहे, अठरा पायऱ्यांचा.

अक्काने ऐकलं आणि विचारलं, "तब्येत बरी आहे म्हणून सांगते का?"

"हो," मी म्हटलं. "ठणठणीत आहेत असं कळवायचंय."

हा पर्याय आमच्या प्रश्नांत 'ब' म्हणून असतो. मजकुरात त्याला थोडा आधार असतो, म्हणून घाईने वाचणारी मुलं तोच निवडतात.

अक्काने माझ्या हातातून पत्र घेऊन पाकिटात घातलं. मग तिने जे सांगितलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. "एवढं चढते तर येऊ दे की. लिही, गौरीला ये. सून आणून सोडू दे. चार दिवस राहून जा म्हणावं. खूप वर्षं झाली."

तिने अर्थ ओळखला नव्हता. तिला फक्त बहिणीला बघावंसं वाटलं होतं. पण बोलावणं पूर्ण होतं: 'ये' होतं, दिवस होता. अक्का चार दिवसांचं बोलावत होती आणि मला ठाऊक होतं की येणारी चार दिवसांत परत जायला येणार नाही. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या असत्या तर पहिल्याच दुपारी सगळं बोलणं झालं असतं.

मी लिहिलं, "आपली भेट व्हावी असं फार वाटतं. यंदा गौरीला तुझी खूप आठवण येईल."

पुस्तकासारखं वाक्य होतं. त्यात 'ये' नव्हतं. हे वाचून मोठीला काय समजेल ते मला पुरतं माहीत होतं: गौरी माझ्याशिवायच होणार असं धाकटीने धरलं आहे.

लिहून झाल्यावर अक्का नेहमीसारखं म्हणाली, "वाच बघू एकदा." मी कागद समोर धरून वाचलं, "गौरीला ये. सून आणून सोडेल. चार दिवस राहून जा." कागदावर दुसरंच होतं. ती मान डोलवत ऐकत होती. "सरी, चांगलं लिहिलास," म्हणाली आणि पाकीट चिकटवायला डिंक आणून दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी कामाच्या ठिकाणी एक उतारा केला. इंग्रजीत, गावं आणि नाती बदलून: एक म्हातारी आपल्या भावाला पत्र लिहिते, नळाच्या पाण्याचं विचारते, पायऱ्या चढता येतात असं सांगते. खाली प्रश्न: हे पत्र कशासाठी लिहिलं आहे? असं का केलं मला नीट सांगता येत नाही. महिन्याचा कोटा भरायचा होता हे एक. दुसरं, उतारा चांगला होत होता.

आमचे प्रश्न तपासायला एक पुण्याची मुलगी आहे, हुशार, माझ्या निम्म्या वयाची. तिने मला बोलावून घेतलं. "सर, पॅसेज एकदम मस्त आहे. पण करेक्ट ऑप्शन तुम्ही 'ड' दिलाय, टु आस्क टु बी इन्व्हायटेड. ती असं कुठेच म्हणत नाहीये. पेरेंट्स कम्प्लेंट करतील."

"पाण्याचं विचारलंय," मी म्हटलं. "आठवण काढणारं माणूस नळाचं विचारत नाही. आणि पायऱ्यांचं दोनदा आलंय. तिच्या स्वतःच्या घराला पायऱ्या नाहीत, पहिल्याच ओळीत दिलंय."

तिने पुन्हा वाचलं. "अच्छा. म्हणजे हिला तिकडे शिफ्ट व्हायचंय. बिचारी. मग भावाला कळलं का?"

"उताऱ्यात तेवढंच आहे."

"नाही, तुम्ही लिहिलाय म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि मंजूर करून टाकला.

तो प्रश्न अजून चालू आहे. उत्तराचं स्पष्टीकरण माझंच आहे, पाच ओळींचं, काही न लपवता लिहिलेलं. जे अक्काला सांगायला माझी जीभ उचलली नाही ते मी अनोळखी मुलांना मुद्देसूद समजावून दिलं आहे.

गौरीला कुणी आलं नाही. अक्काने खालची खोली आवरली होती, नवी चादर काढली होती. सणाच्या दिवशी दुपारपर्यंत ती दाराकडे बघत असल्यासारखी मला वाटली. पण ते माझ्या मनातलंही असेल.

तिसरं पत्र दिवाळीच्या आधी आलं, अर्ध्या पानाचं. "तुझं सगळं ठीक चाललं आहे हे वाचून समाधान वाटतं. वरच्या खोलीत चांगली माणसं मिळाली आहेत, त्यांना सांभाळून ठेव. आता या वयात कुणी कुठे हलू नये हेच बरं." या पत्राचा हेतू कुठल्याही चार पर्यायांत बसत नाही. ती अक्काला मोकळं करत होती. आपण काही मागितलंच नव्हतं, असं करून ठेवत होती.

हे मी शब्दही न गाळता वाचलं. अक्का ऐकून म्हणाली, "बघ. मी गौरीला ये म्हणून बोलावली. 'येते' नाही, 'येत नाही' नाही, एक शब्द नाही. वर मलाच शहाणपण सांगते, हलू नये म्हणून."

मी कागदाची घडी घालत होतो.

"घराचं मनात ठेवलीय ती," अक्का म्हणाली. "सही केली तेव्हा हसून केली. पण मनात ठेवलीय. नाहीतर बहीण बोलावते आणि येत नाही असं होतं काय?"

त्या क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर सगळं सावरता आलं असतं. मिरजेहून इथवर एका रात्रीचा तर प्रवास. मी म्हटलं, "तसं नसेल, अक्का." ती म्हणाली, "तुला काय माहीत आमचं."

त्या पत्राला तिने उत्तर दिलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

मोठी बहीण गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. झोपेत गेली म्हणाले. फोन सुनेचा आला, सकाळी दहाच्या सुमारास, अक्काच्या साध्या फोनवर. सून घाईने, रडत बोलत होती, आणि तिचं मराठी अक्काला नीट लागेना. अक्काने हाक मारली, मी खाली गेलो, तिने फोन माझ्या हातात दिला. सुनेने मला कुणी घरातला समजून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आई गेल्या वर्षी गौरीपर्यंत रोज विचारायच्या हो, बंगळूरचं बोलावणं आलं का म्हणून. बॅग भरून ठेवली होती त्यांनी. मी म्हटलं, मीच फोन करते मावशींना. तर नको म्हणाल्या. मागून घेतलेलं बोलावणं नको म्हणाल्या."

अक्का समोर उभी होती. "काय म्हणते?"

"शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होत्या म्हणतात," मी सांगितलं.

तिने मान हलवली. नंतर, मी जिना चढायला वळलो तेव्हा, तिने एवढंच विचारलं, "तू गौरीला ये म्हणून लिहिलास ना रे?"

"हो अक्का. लिहिलं."

त्याला आता वर्ष उलटून गेलं. मुलगी दहावी पास होऊन कॉलेजात गेली, कॉलेजला तिला बसनेच जावं लागतं. शाळा जवळ असण्याचा प्रश्नच राहिला नाही, तरी आम्ही तिथेच आहोत. अक्का बहिणीचं नाव काढत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "तिकडचीच झाली होती ती." तिची ही समजूत मी करून दिलेली आहे, आणि ती रोज घट्ट होत चालली आहे.

माझ्याच युक्तीने हे लिखाण तपासलं तर दिसतं की मुलीच्या शाळेचं मी दोनदा लिहिलं आहे. गरज एकदाचीच होती. म्हणजे कबुली देता देता मी सूटही मागतो आहे. आणि हे सगळं मी मराठीत लिहितो आहे, अक्काला वाचता येत नाही त्या लिपीत. कन्नडमध्येही मला इतकंच चांगलं लिहिता येतं. हे वाचून कुणी मला प्रामाणिक म्हणेल तर त्याने घाईने वाचलं असं मी म्हणेन.

पत्रं तिन्ही अक्काच्या कपाटात आहेत. मी लिहिलेलं उत्तर मिरजेला आहे, टाकून दिलं नसेल तर.

अक्काला मी एवढं देणं लागतो: खाली जाऊन, तिच्यासमोर बसून, तिच्या बहिणीला यायचं होतं हे सांगणं, तिचं बोलावणं मी लिहिलंच नाही हे सांगणं, आणि घराचं कुणाच्याही मनात नव्हतं हे सांगणं. त्यानंतर ती खोली रिकामी करा म्हणाली तर करणं. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.